वाघाआधी पोचलेला वाघ

2025 चा ऑक्टोबर सरता सरता चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीचं नाव देशभरच्या मोबाईलवर फिरलं. सीसीटीव्हीचं वाटावं असं चित्रण होतं. वनविश्रामगृहाचं आवार, बाहेर बसलेला एक माणूस, अचानक आलेला वाघ, एक झडप आणि माणसाला फरफटत नेणं. सोबतच्या मजकुरात गाव, तारीख, वेळ सगळं व्यवस्थित लिहिलेलं. शेवटी वन विभागाला खुलासा करावा लागला की असं काही घडलेलंच नाही, चित्रण कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेलं आहे. त्याच दिवसांत पेंचच्या नावानं आणखी एक व्हिडिओ फिरत होता. एक दारुडा वाघाला कुरवाळतो आणि त्याच्या तोंडापुढं बाटली धरतो. तोही बनावटच. पण त्या दारुड्यावर लोक हसले, फॅमिली ग्रुपवर तो विनोद म्हणून गेला. ब्रह्मपुरीच्या व्हिडिओवर ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली या तालुक्यांत हसण्यासारखं काही नव्हतं. तिथं असं खरोखर घडू शकतं, आणि घडतंही.

त्याच वर्षी 10 मे रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. 2022 च्या गणनेत महाराष्ट्रात 444 वाघ मोजले गेले, आणि त्यांतला सगळ्यात मोठा वाटा एकट्या चंद्रपूर जिल्ह्याचा. त्यांतले कितीतरी ताडोबाच्या हद्दीबाहेर, धानाच्या बांध्या, झुडपी जंगल आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या आधारानं राहतात. अशा मुलखात वाघाची बातमी हा करमणुकीचा विषय नसतो. सकाळी कोणत्या वाटेनं जायचं आणि गुरं कुठं सोडायची नाहीत, हे तिच्यावर ठरतं.

म्हणून समाजमाध्यमांचा रोजच्या जगण्यावरचा प्रभाव हा विषय पुण्या-मुंबईच्या बैठकीच्या खोलीत बसून जसा दिसतो, त्याहून चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत वेगळा दिसतो. शहरात चुकीच्या फॉरवर्डनं वेळ जातो, फार तर भांडण होतं. इथं चुकीच्या फॉरवर्डनं दोन दिवसांची मजुरी बुडते. आणि रोजच्या खोट्या बातम्यांनी कान बधिर झालेल्या गावात खरी बातमी आली, तर ती कोणी मनावर घेत नाही. माझ्या मते हे दुसरं नुकसान अधिक मोठं आहे, कारण ते कुठल्या हिशेबात धरलंच जात नाही.

जंगलालगतच्या गावात वाघाची बातमी पूर्वापार तीन प्रश्न पार करून यायची. कोठी पायला? कवा? कोनं? गुराख्यानं पाहिला असेल तर त्याच्या डोळ्यांवर भरवसा. सायंकाळी घरी परतणाऱ्या एखाद्या गड्यानं पाहिला असेल तर बातमीत थोडी काटछाट करायची. 'बोडीच्या पाळीवर, दिवस बुडताना' एवढं कळलं की गावातल्या कुणालाही जागा डोळ्यांसमोर दिसायची. गावात मुनादी फिरायची, सरपणाला जाणाऱ्या बायका आपसांत ठरवून वाट बदलायच्या. ही व्यवस्था संथ होती, आणि ती नेहमी बरोबर असायची असंही नाही. अफवा तेव्हाही उठत. पण अफवेला धनी असायचा. 'अमक्यानं सांगितलं' म्हटलं की त्या अमक्याच्या दारात जाऊन विचारता येत असे.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या चित्राचं काय होतं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. मोबाईलनं काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर आणखीही माहिती साठवलेली असते. तो कधी काढला, कोणत्या फोननं काढला, आणि लोकेशन चालू असेल तर नेमका कुठं काढला, अक्षांश-रेखांशासकट. हाच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवला की ॲप तो दाबून लहान करतं आणि ही माहिती काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती टिकते, पण तसं पाठवतो कोण? पाठवणाऱ्याचा खासगीपणा जपला जावा म्हणून केलेली ही सोय आहे, आणि ती चांगलीच आहे. शिकारी टोळ्यांचं लक्ष असलेल्या भागात वाघाच्या फोटोबरोबर त्याचा पत्ताही फिरू नये, हे तर हवंच. पण परिणाम असा की तीन वर्षांपूर्वी मध्य प्रदेशात टिपलेला वाघ आज सकाळी 'मूल रोडवर' म्हणून येऊ शकतो आणि फाइल तोंडातून शब्द काढत नाही. घेणाऱ्याच्या फोनमध्ये तिच्यावर पडते ती आजची, पोचल्याची तारीख. कोठी, कवा आणि कोनं, तिन्ही उत्तरं वाटेत गळालेली असतात. रिकाम्या झालेल्या जागी जो तो आपापली भरतो. बहुतेक वेळा त्यात लबाडी नसते. मावशीला काळजी असते, ती 'आपल्याच भागातला दिसतो' म्हणते, आणि पुढच्या माणसाच्या तोंडी 'आपल्याच भागातला आहे' होतं.

कंपनीनं काही उपाय केले. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्या पावसाळ्यात देशात अशा अनेक घटना घडल्या, आणि त्याच महिन्यात भारतापुरती एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवण्याची मर्यादा आली. पुढं 2020 च्या एप्रिलमध्ये, आधीच खूपदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं झालं. दोन बाणांची खूण दिसते ती अशा संदेशांवर. वेग कमी झाला. पण संदेश किती हात फिरून आला एवढंच ती खूण सांगते, कुठून निघाला हे सांगत नाही.

ब्रह्मपुरीच्या व्हिडिओतली मेख इथं आहे. तो बनवणाऱ्यानं, किंवा त्याला मजकूर जोडणाऱ्यानं, लोक जे विचारणार तेच आयतं पुरवलं होतं. आणि चित्रण सीसीटीव्हीच्या धाटणीचं का, याचाही विचार करावा. कॅमेरा एका जागी खिळलेला, प्रकाश कमी, चेहरे अस्पष्ट. कृत्रिम चित्रणात हात, चेहरे, डोळे यांत चुका सापडतात, पण मुळातच धूसर दिसणाऱ्या चित्रात त्या झाकून जातात. शिवाय सीसीटीव्ही म्हणजे कोणीही मुद्दाम न काढलेला, आपोआप टिपला गेलेला पुरावा, असा आपला समज असतो. 2025 च्या मे महिन्यात गुगलनं व्हिओ 3 आणलं आणि नुसत्या लेखी वर्णनावरून आवाजासकट चित्रण बनू लागलं. तिथपासून ब्रह्मपुरीच्या आवारात न आलेला वाघ दिसेपर्यंत अर्धं वर्षही लागलं नाही.

दुसरीकडे, खऱ्या वाघांची या माध्यमांनी विलक्षण विभागणी केली आहे. माया, मटकासूर, छोटा मटका, जुनाबाई, तारा ही ताडोबातल्या वाघांची नावं बंगळूरुच्या माणसालाही पाठ असतात. त्यांची वंशावळ लोक सांगतात, त्यांचे वाढदिवस साजरे केल्यासारख्या पोस्ट येतात. माया 2023 मध्ये दिसेनाशी झाली तेव्हा जिव्हाळ्याचं माणूस हरवावं तशी देशभरातून चौकशी झाली. आणि वडसा, भंडारा, ब्रह्मपुरी भागात 13 माणसांचा जीव घेणारा, ऑक्टोबर 2022 मध्ये वडशाजवळ पकडलेला वाघ? तो सीटी-1. त्याआधी राजुरा भागात दहशत बसवणारा, 2020 मध्ये जेरबंद झालेला आरटी-1. ज्याला पैसे मोजून पाहायला जातात त्याला नाव, आणि ज्याच्याबरोबर फुकटात राहावं लागतं त्याला क्रमांक. यात वन विभागाचा दोष नाही, नोंदीला क्रमांक लागतोच. पण इन्स्टाग्रामवर क्रमांकाला चाहते मिळत नाहीत, आणि त्याच्या गावांचीही तिथं फारशी विचारपूस होत नाही.

ताडोबात गाभा क्षेत्रात मोबाईल नेण्यावर 2018 पासूनच बंदी आली. सेल्फीचा त्रास हे एक कारण होतं. त्याहून मोठं कारण जिप्सींच्या कोंडीचं. एका गाडीला वाघ दिसला की फोन जायचा, आणि पाच मिनिटांत पंधरा जिप्स्या एका वळणावर. पूर्वी चितळाची, वानराची हाक ऐकून, धुळीतला माग पाहून वाघ शोधावा लागे, त्यात नशिबाचा भाग मोठा असे. फोननं नशीब काढून टाकलं आणि वाघाचा रस्ताही अडवला. अशी बंदी प्रत्येक जंगलात तितक्याच काटेकोरपणे पाळली जात नव्हती, हे 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात दिसलं. गोठणगावच्या बाजूला एक वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांमध्ये सापडले. त्याचा व्हिडिओ फिरला, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. मौज अशी की गुन्हा घडला मोबाईलच्या नादात आणि उघडकीलाही आला मोबाईलमुळेच. तसाच 2024 च्या फेब्रुवारीतला ताडोबाच्या बफरमधला व्हिडिओ, ज्यात एक वाघ पाणवठ्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून चालताना दिसतो. कचऱ्यावरच्या शंभर फलकांनी झालं नसतं ते काम त्या काही सेकंदांनी केलं.

आता ताडोबाच्या कडेचं सीतारामपेठ. मोहर्लीजवळच्या या गावाच्या जंगलाकडच्या बाजूला 2023 मध्ये एक प्रयोग सुरू झाला. 'आभासी भिंत' असं त्याचं नाव. कॅमेरे सतत पाहत असतात, समोर आलेलं जनावर वाघ किंवा बिबट आहे का हे संगणक ओळखतो, आणि तसं असेल तर क्षणार्धात मोबाईलवर इशारा जातो. ब्रह्मपुरीच्या व्हिडिओमागचं तंत्र आणि हे तंत्र एकाच घराण्यातलं आहे. फरक असा की इथं चित्राला जागा आणि वेळ चिकटलेली असते, आणि ते पाठवणारा कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं. गावागावांत प्राथमिक प्रतिसाद दलाची पोरं असतात, त्यांचे आणि वनरक्षकांचे ग्रुप असतात. त्यांच्याकडून आलेल्या संदेशाला वजन असतं ते अशासाठी, की पोरगं ओळखीचं आहे आणि चुकलं तर उद्या पारावर जाब द्यावा लागणार आहे. मात्र आभासी भिंतीची मर्यादा उघड आहे. ती गावाची वेस राखते. चंद्रपुरात वाघाच्या हल्ल्यात गेलेली बहुतेक माणसं वेशीच्या आत नव्हती. ती मोहफुलं, तेंदू, सरपण, गुरं यांच्यापायी जंगलात गेलेली होती, जिथं कॅमेरा नाही आणि पुष्कळदा नेटवर्कही नाही.

वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत शिरलं की गोष्टीचा रंगच बदलतो. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा. त्याच्या दक्षिणेला आणि पूर्वेला, भामरागड, एटापल्ली, अहेरी, सिरोंचा या तालुक्यांत, फोन ही वस्तूच कितीतरी वर्षं जोखमीची होती. माओवाद्यांनी मोबाईलचे टॉवर जाळले, पाडले. टॉवर आला की पोलिसांना खबर जाणार, हा त्यांचा हिशेब. ज्याच्या हाती फोन, त्याच्यावर खबऱ्याचा संशय, आणि त्या संशयाची किंमत गावकऱ्यांनी जिवानिशी मोजलेली आहे. दुसऱ्या बाजूनं, फोनमध्ये कुणाचा नंबर सापडला यावरून पोलिसांची चौकशी मागं लागण्याची भीती. अशा ठिकाणी फोन नसणं हा मागासलेपणा नव्हता, शहाणपणा होता.

केंद्रानं 2014 मध्ये नक्षलग्रस्त भागांसाठी टॉवरची योजना मंजूर केली. दहा राज्यांतले असे 2,343 टूजी टॉवर फोरजी करायला एप्रिल 2022 मध्ये मान्यता मिळाली. वांगेतुरी, गर्देवाडा, पेनगुंडा अशा ठिकाणी एकेका दिवसात पोलीस मदत केंद्रं उभी राहिली. गट्टा, गर्देवाडा, वांगेतुरी या मार्गावर एसटी धावू लागली ती 1 जानेवारी 2025 रोजी. 15 ऑक्टोबर 2025 ला माओवाद्यांचा बडा नेता भूपती यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. हा सगळा काळ आणि गावात रील पोचण्याचा काळ जवळपास एकच. बाकी महाराष्ट्रात आधी वर्तमानपत्र आलं, मग रेडिओ, दूरदर्शन, एसटीडीचा पिवळा बूथ, आणि मग मोबाईल. दर टप्प्यावर बातमी तपासायची थोडीथोडी सवय लागत गेली. इथं कितीतरी घरांत पहिलं वर्तमानपत्र, पहिला सिनेमा आणि पहिला फोन एकाच पडद्यावर आले. जुलै 2020 मध्ये भारतात सुरू झालेली इन्स्टाग्रामची रील ही काही पोरांच्या आयुष्यातली पहिली दृश्य बातमी आहे. ती निवडतं कोण? तुम्ही कशावर किती सेकंद थांबलात हे मोजणारं गणित. त्या गणिताला भामरागड कुठं आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही, तिथं कोणत्या प्रकारच्या व्हिडिओवर बोट थबकतं एवढं त्याला पुरतं.

तरी एक गोष्ट या माध्यमानं गडचिरोलीला अशी दिली जी आधीच्या एकाही माध्यमानं दिली नव्हती. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास 30 लाख. सहा-सात राज्यांत विखुरलेले, त्यामुळं प्रत्येक राज्यात अल्पसंख्य. गोंडीचं वर्तमानपत्र चालायला गिऱ्हाईक विखुरलेलं, शिवाय कुणी देवनागरीत वाचणार तर कुणी तेलुगू लिपीत. मसराम गोंडी आणि गुंजाळा गोंडी या लिप्या युनिकोडमध्ये आल्या 2017 आणि 2018 मध्ये, पण रोजच्या टायपिंगला त्या अजून फार थोड्यांच्या हाताशी. व्हॉइस मेसेजला यातलं काहीच लागत नाही. बटण दाबायचं आणि गोंडीच्या माडिया बोलीत बोलायचं. शेजारच्या छत्तीसगडात शुभ्रांशु चौधरी यांच्या सीजीनेट स्वरानं 2010 पासून साध्या फोनवर, मिस्ड कॉल देऊन, गोंडीतून बातमी सांगायची आणि ऐकायची सोय केली होती. वाचता न येणारी म्हातारीही बातमीदार होऊ शकते हे तिथं आधी दिसलं. आज रेला गाण्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. त्यांत डीजेचा दणदणाट नको तितका आहे, असं जुनी माणसं म्हणतात आणि मलाही तसंच वाटतं. पण भामरागडचं पोरगं ते गाणं बस्तरच्या पोराबरोबर वाटून घेतं, मधे राज्याची सीमा येत नाही.

ग्रामसभांचंही तेच. मेंढा (लेखा) गावानं सामूहिक वनहक्क मिळवून 2011 मध्ये आपला बांबू आपण विकण्याचा रस्ता मोकळा केला. पुढं जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. लिलावात भाव कळणं ही निम्मी ताकद. पलीकडच्या ग्रामसभेला काय दर मिळाला हे पूर्वी फक्त ठेकेदाराला माहीत असायचं. आता जाहिरातीचा आणि दरपत्रकाचा फोटो काढून पाठवायला कोणी अडवत नाही. मात्र मेंढ्याची रीत सगळ्यांच्या संमतीनं ठरवण्याची. त्यासाठी समोरासमोर बसून, न पटणाऱ्याला बोलू देऊन, रात्र रात्र घालवावी लागते. ग्रुपवर अंगठ्याची खूण म्हणजे संमती नव्हे.

या भागातलं झाडीपट्टीचं नाटक टीव्हीनं संपेल असं म्हणत होते, मग मोबाईलनं संपेल म्हणू लागले. संपलं नाही. वडशात नाटक मंडळ्यांची कार्यालयं दिवाळीनंतर गजबजतात, शंकरपट आणि मंडईच्या निमित्तानं गावोगाव मंडप पडतात, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला या रंगभूमीचा पत्ता लागला. पूर्वी जीपवरच्या भोंग्यानं आणि पत्रकांनी होणारी जाहिरात आता स्टेटसवर होते, एखाद्या विनोदी कलावंताची दोन मिनिटांचा तुकडा यूट्यूबवर गाजतो आणि मंडपात त्याच्यासाठी गर्दी होते. नाटकाच्या रात्री लेक माहेरी येते, सोयरे जमतात, घरात पाहुण्यांचा राबता असतो. ते फोनवर होत नाही, म्हणून तिकीट अजून खपतं.

आणि शेवटी हत्ती. ऑक्टोबर 2021 मध्ये छत्तीसगडमार्गे रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत शिरला आणि राहिला. वाघाची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असलेल्या या मुलखाला हत्ती नवा. त्याच्यापासून किती लांब उभं राहायचं हे कुणाच्या आजोबांनी सांगितलेलं नव्हतं. शिकवलं ते व्हिडिओंनी, आणि व्हिडिओ काढणारा नेहमी जवळच उभा असतो. धानाच्या बांधीत हत्ती आले की पन्नास-शंभर माणसं मोबाईल उंचावून मागं. ऑक्टोबर 2024 मध्ये चामोर्शी तालुक्याच्या जंगलात हत्तीबरोबर सेल्फी घ्यायला गेलेला एक तरुण मजूर हत्तीच्या पायाखाली गेला. तो चंद्रपूर जिल्ह्यातून आला होता, केबल टाकण्याच्या कामावर.

पाळीव हत्तींची हकीकत वेगळी. सिरोंचा वनविभागातलं कमलापूर हे राज्यातलं एकमेव शासकीय हत्ती कॅम्प. तिथले हत्ती गुजरातेत जामनगरला हलवण्याचा प्रस्ताव आल्याचं 2022 च्या सुरुवातीला कळलं, तेव्हा गडचिरोलीच्या लोकांनी समाजमाध्यमांवर मोहीम उघडली. सहलीला जाऊन आलेल्यांकडं हत्तींचे फोटो होतेच, तलावात डुंबणारे, पिलाबरोबरचे. ते भराभर फिरले, वर्तमानपत्रांनी विषय उचलला, आणि कमलापूरचे हत्ती कमलापुरातच राहिले. त्याच वर्षी सप्टेंबरात आलापल्लीजवळच्या पातानीलचे तीन हत्ती मात्र जामनगरला रवाना झाले. पातानील सहलीचं ठिकाण नव्हतं, आणि त्या हत्तींबरोबरचे फोटो फार थोड्यांकडं होते.